घरभाडे आणि मालकीचा भार





कुटुंबात चार पैसे शिल्लक पडले की ते कोठे गुंतवावेत हा प्रश्न आपल्यापुढे उभा राहतो. बँकेतील मुदत ठेवीत व्याज आहे, म्हणून ती नको. शेअर बाजाराची पुष्कळांना माहिती नसते. सोने पेटीत पडून राहते. मग कोणीतरी सुचवितो की मुंब्र्यात, भिवंडीत, कोंढव्यात किंवा मालेगावात एखादे घर घ्यावे आणि भाड्याने द्यावे. आखाती देशात राबणारा मुलगा पैसे पाठवितो, निवृत्त शिक्षक आपल्या भविष्य निर्वाह निधीची रक्कम काढतो, विधवा भगिनी दागिने मोडते आणि घराचा व्यवहार होतो. भाडे हलाल आहे, एवढे समाधान सर्वांना असते.

भाडे हलाल आहे यात शंका नाही. परंतु ते कशामुळे हलाल आहे, याचा विचार क्वचितच केला जातो. एकाने चाळीस लाख रुपये बँकेत ठेवले आणि ठराविक रक्कम घेतली. दुसऱ्याने चाळीस लाखांचे घर घेतले आणि तोही दरमहा ठराविक रक्कम घेऊ लागला. वरवर पाहता दोघांच्या मिळकतीत फरक दिसत नाही. व्याज खाणाऱ्यांनीही असाच युक्तिवाद केला होता की व्यापार आणि व्याज सारखेच आहेत. सूरह अल-बकरामध्ये (२:२७५) अल्लाहने त्यांचे म्हणणे फेटाळून व्यापार वैध आणि व्याज निषिद्ध ठरविले. हा फरक नेमका कोठे आहे, ते एका हदीसवरून स्पष्ट होते.

हजरत आयशा (र.) यांच्या कथनानुसार एका माणसाने एक गुलाम विकत घेतला. काही काळ त्याच्याकडून काम करवून घेतल्यावर त्याच्यात आधीपासूनचा दोष असल्याचे लक्षात आले आणि व्यवहार परत फिरविण्यात आला. विकणाऱ्याने तक्रार केली की मधल्या काळातील कमाई याने खाल्ली, ती मला मिळावी. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी निर्णय दिला की ज्याच्यावर हानीची जबाबदारी होती, कमाईचा अधिकारही त्याचाच. मधल्या काळात तो गुलाम मरण पावला असता तर नुकसान खरेदीदाराचे झाले असते, म्हणून त्या काळातील मिळकतही त्याची. अबू दाऊद, तिर्मिजी, नसई आणि इब्ने माजा या संग्रहांत ही हदीस आली आहे. फुकहांनी तिच्यातील खराज आणि दमान, म्हणजे मिळकत आणि जबाबदारी, या दोन शब्दांवर मालमत्तेच्या व्यवहारांचा मोठा भाग उभारला.

आता घराकडे पाहा. भूकंप झाला, आग लागली, पाया खचला, भिंतीला ओल आली, सहा महिने भाडेकरू मिळाला नाही, महापालिकेने कर वाढविला, तर हे सारे घरमालकाच्या माथी येते. कर्ज देऊन व्याज घेणाऱ्याला यातले काहीच सोसावे लागत नाही. कर्जदाराचे घर जळो की धंदा बुडो, त्याची मुद्दल आणि व्याज शाबूत. भाड्याला शरीअतने वैधता दिली ती मालक हा भार उचलतो म्हणून. मालमत्ता कर, सोसायटीचे देणे, दुरुस्ती, विमा आणि रिकामे महिने यांना आपण ‘कटकट’ म्हणतो. वस्तुतः याच खर्चांमुळे भाडे व्याजापासून वेगळे होते. जो मालक यातला प्रत्येक खर्च करारनाम्यात एकेक कलम घालून भाडेकरूवर ढकलतो आणि स्वतःकडे केवळ ठराविक रक्कम ठेवतो, तो घर भाड्याने देतो की पैसे, हे त्याने स्वतःला विचारावे.

या बाबतीत फुकहांचे नियम बरेच स्पष्ट आहेत. दक्खनमध्ये बहुतेक कुटुंबे हनफी पंथाची आहेत आणि कोकणात शाफई. दोन्हींच्या ग्रंथांत घराची मूळ डागडुजी, म्हणजे राहण्यास बाधा आणणारा कोणताही दोष दूर करणे, मालकाकडे सोपविले आहे. मालकाने टाळाटाळ केली तर भाडेकरूला करार मोडून घर सोडण्याचा अधिकार आहे. वापर अशक्य झाल्यास भाडे थांबते, कारण भाडे हे वापराचे मोल आहे. इस्लामी वित्तसंस्थांसाठी मानके ठरविणाऱ्या ‘आयोफी’ या बहरीनस्थित संस्थेच्या नवव्या मानकातही हेच आहे: मोठ्या दुरुस्तीचा बोजा भाडेकरूवर टाकणारी अट वैध नाही, आणि मालमत्तेच्या विम्याचा खर्च मालकाचा. दैनंदिन किरकोळ देखभाल, जसे की दिवे बदलणे, नळाचा वॉशर, स्वच्छता, ही भाडेकरूने करावी. मालकाने आपला अपेक्षित खर्च आधीच हिशेबात धरून भाडे ठरविले तर हरकत नाही. मात्र भाडे ठरल्यावर मध्येच विम्याचे किंवा गळतीचे बिल भाडेकरूपुढे ठेवता येत नाही.

आपल्या राज्याचा कायदाही फार दूर नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ यातील कलम १४ नुसार वेगळा करार नसेल तर घर राहण्यायोग्य स्थितीत ठेवणे घरमालकावर बंधनकारक आहे. नोटीस देऊनही त्याने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू ती स्वतः करून भाड्यातून वजा करू शकतो. वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत ही वजावट होते. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. कायदा ‘वेगळा करार नसेल तर’ अशी पळवाट ठेवतो. मोठ्या दुरुस्तीबाबत फिकह ती ठेवत नाही. कायद्यात बसते तेवढ्याने अल्लाहसमोरचा हिशेब पूर्ण होतो, असे मानणाऱ्यांनी हा फरक पाहावा.

या नियमांमागे माणसांचे जीव आहेत. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळफाटा येथे इमारत कोसळून ७४ माणसे गेली. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडमध्ये आणि त्यानंतर महिन्याभरातच, २१ सप्टेंबरच्या पहाटे, भिवंडीत इमारती कोसळल्या. कोठे बांधकामच बेकायदा होते, कोठे निकृष्ट, कोठे इमारत जुनाट. मृतांमध्ये झोपेत असलेली लेकरे होती. आपल्या वस्त्यांमध्ये आजही अशा इमारती आहेत, ज्यांच्या खांबांतील लोखंड गंजून बाहेर डोकावते आणि वरच्या मजल्यावर नवा भाडेकरू दाखल होतो. हनफी फिकहच्या हिदाया या ग्रंथात कललेल्या भिंतीवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. एखाद्याची भिंत रस्त्याकडे झुकली, लोकांनी त्याला ती पाडण्यास सांगितले, त्याला पुरेसा अवधी होता आणि तरीही त्याने ती पाडली नाही, मग ती कोसळून कोणी मेला तर भरपाईची जबाबदारी त्या मालकावर येते. महापालिकेची ‘धोकादायक इमारत’ अशी नोटीस खिशात ठेवून भाडे गोळा करणाऱ्याने हे प्रकरण कोणा आलिमाकडून समजावून घ्यावे. ज्या इमारतीला तीस वर्षे झाली तिचा संरचनात्मक लेखापरीक्षण अहवाल मागितला की सोसायटीच्या सभेत गोंधळ उडतो, ‘एवढा खर्च कशाला’ असे विचारले जाते. हा खर्च भाड्याच्या पोटातच आहे.

सूरह अल-कहफमध्ये पडू घातलेल्या एका भिंतीचा प्रसंग आहे. ज्या गावाने पाहुणचार नाकारला तेथेच हजरत खिज्र (अ.) यांनी ती भिंत सरळ उभी केली. हजरत मूसा (अ.) म्हणाले की याची मजुरी घेता आली असती. पुढे उलगडा झाला की त्या भिंतीखाली दोन अनाथ मुलांचा ठेवा होता आणि त्यांचे वडील सदाचारी होते. दुसऱ्याच्या अनाथ लेकरांसाठी विनामोबदला भिंत सावरली गेली. आपण तर ज्या भिंतीचे भाडे घेतो तिच्याविषयी बोलत आहोत.

आता थोडा हिशेब मांडू, कारण फसगत बहुधा येथेच होते. समजा, चाळीस लाखांची सदनिका आहे आणि भाडे दरमहा १२,००० रुपये. वर्षाला १,४४,००० झाले. घर विकणारा दलाल हाच आकडा दाखवितो. आता खर्च पाहा. मालमत्ता कर ६,०००. सोसायटीचे देणे दरमहा १,८००, म्हणजे वर्षाला २१,६००. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी बिगर-वहिवाट शुल्क लावते. महाराष्ट्र शासनाच्या २००१ च्या आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. ते १,२०० धरू. भाडेकरू बदलताना घर एक महिना रिकामे राहिले तर १२,००० गेले. दलालाला अर्ध्या महिन्याचे ६,०००. करारनाम्याची नोंदणी आणि मुद्रांक १,५००. विमा २,०००. रंग, गळती, प्लंबर, दरवाजे यांसाठी वर्षाला सरासरी १५,०००. सर्व मिळून ६५,३००. हाती उरले ७८,७००. चाळीस लाखांवर हे दोन टक्क्यांच्याही आत आहे. शंभर रुपये भाड्यातले पंचेचाळीस रुपये मालकीनेच खाल्ले.

घर घेऊच नये असा याचा अर्थ नाही. घराची किंमत वाढू शकते, वृद्धापकाळी छप्पर असते, आणि कोणाला तरी निवारा मिळतो. परंतु जो १,४४,००० मिळणार असे गृहीत धरून खर्च ठरवितो तो दोन वर्षांत अडचणीत येतो, आणि अडचणीत आलेला मालक सर्वांत आधी दुरुस्ती थांबवितो. अन्याय करण्याचा हेतू नसतानाही अन्याय घडतो, तो असा. सूरह यूसुफमध्ये सात सुबत्तेच्या वर्षांत धान्य कणसातच राखून ठेवण्याची आणि दुष्काळाच्या सात वर्षांसाठी तरतूद करण्याची योजना सांगितली आहे. घरमालकाने हेच करावे: दरमहा भाडे आले की त्यातील ठराविक हिस्सा बाजूला काढावा आणि त्याला आपले उत्पन्न समजूच नये. आयकर कायद्यातही घरभाड्यातून मालकाने भरलेला स्थानिक कर वजा केल्यावर उरलेल्या रकमेच्या ३० टक्के रक्कम खर्चापोटी सरसकट वजा करतात. तेवढा हिस्सा बाजूला ठेवण्याची सवय लावली तरी पुष्कळ झाले.

विम्याविषयी मात्र जरा सविस्तर बोलणे आवश्यक आहे, कारण येथे प्रामाणिक मतभेद आहेत. विमा ही इमाम अबू हनीफा किंवा इमाम शाफई यांच्या काळातील गोष्ट नव्हे. एकोणिसाव्या शतकात दमिश्कचे हनफी फकीह इब्ने आबिदीन यांच्यापुढे युरोपीय व्यापाऱ्यांच्या जहाजी विम्याचा प्रश्न आला आणि त्यांनी अशी भरपाई घेणे वैध मानले नाही. जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने डिसेंबर १९८५ मध्ये ठराविक हप्त्याचा व्यापारी विमा निषिद्ध ठरविला. कारण असे की यात मोठा ‘घरर’, म्हणजे अनिश्चितता आहे: हप्ते भरणाऱ्याला काही मिळेल की नाही, किती मिळेल, केव्हा मिळेल हे करार करताना कोणालाच ठाऊक नसते. शिवाय कंपन्या जमा रक्कम व्याजी रोख्यांत गुंतवितात. याच्या उलट सीरियाचे विद्वान मुस्तफा अज-जर्का यांनी विमा मूलतः वैध मानला होता. हजारो लोकांच्या बाबतीत हानीचा अंदाज बांधता येतो आणि माणूस विकत घेतो ती निश्चिंती, असा त्यांचा युक्तिवाद होता.

त्याच अकादमीने पर्यायही सांगितला: परस्पर सहकार्यावर उभारलेला विमा, ज्याला आज तकाफुल म्हणतात. यात सर्व सहभागी आपला हिस्सा दान म्हणून एका निधीत देतात, हानी झालेल्याला त्यातून मदत मिळते, आणि चालविणारी संस्था केवळ व्यवस्थापनाचा मोबदला घेते. १९७९ मध्ये सुदानमध्ये अशी कंपनी सुरू झाली, मलेशियाने १९८४ मध्ये स्वतंत्र कायदा केला. भारतातील सामान्य घरमालकाला मात्र ही सोय मिळत नाही.

मग येथे काय करावे? भारतातील इस्लामिक फिकह अकादमीच्या उलेमांनी या देशातील दंगलींची परिस्थिती लक्षात घेतली आणि जीवित व मालमत्तेच्या विम्यास गरजेपोटी सवलत दिली. व्यापारी विमा त्यांनी सर्वसाधारणपणे वैध ठरविला असे नव्हे. गरज आणि हानीचे भय हा त्या सवलतीचा आधार आहे. काही उलेमा ही सवलतही मान्य करीत नाहीत. ज्यांचा ज्या आलिमावर विश्वास आहे त्यांनी त्यांना आपली परिस्थिती सांगून विचारावे. आमचे मत विचाराल तर, दंगलीची झळ लागलेल्या वस्तीत किंवा वाशिष्ठीच्या, सावित्रीच्या पूररेषेत ज्यांचे एकमेव घर आहे आणि ज्यावर विधवेचा उदरनिर्वाह चालतो, त्यांनी या सवलतीचा आधार घेतला तर त्यांच्याकडे बोट दाखविण्याचा अधिकार इतरांना नाही. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेले तेव्हा ज्यांची घरे वाहिली त्यांना कोणीही फतवा विचारला नाही, आणि मदतही पुरली नाही.

विमा घ्यायचाच तर त्यात काय आहे हे वाचून घ्यावे. विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकसारखी पॉलिसी सर्व सामान्य विमा कंपन्यांना लागू केली. आग, वीज, भूकंप, पूर, वादळ, दंगल यांमुळे घराच्या बांधकामाला झालेली हानी तीत येते. जमिनीची किंमत तीत धरलेली नसते, म्हणून घराच्या बाजारभावाइतका विमा उतरविणे हा हप्त्याचा अपव्यय आहे. पुन्हा बांधायला किती लागेल ते पाहावे. आणि झीज, गंज, वर्षानुवर्षांची गळती यांची भरपाई कोणतीही पॉलिसी देत नाही. दुरुस्तीऐवजी विमा, असा सौदा शरीअतमध्येही नाही आणि बाजारातही नाही. भाडेकरूचे सामान ही त्याची स्वतःची बाब आहे, हे त्याला आरंभीच सांगावे.

‘अल्लाहवर भरवसा आहे, विमा कशाला आणि दुरुस्ती कशाला’ असे म्हणणारेही भेटतात. उंट बांधावा की सोडून अल्लाहवर विसंबावे, असे विचारणाऱ्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आधी उंट बांधण्यास आणि मग भरवसा ठेवण्यास सांगितले होते. सूरह अल-कहफमधील दोन बागांचा धनी आपली बाग कधी नष्ट होईल असे मानीतच नव्हता. ती आपल्या मांडवांवर कोसळून पडली तेव्हा तिच्यावर केलेल्या खर्चाकडे पाहत तो हात चोळीत राहिला.

येथे आणखी एका प्रथेचा उल्लेख केला पाहिजे. आपल्या वस्त्यांत ‘हेवी डिपॉझिट’वर घरे दिली जातात: भाडेकरू पाच-सात लाख देतो, घरात विनाभाडे किंवा नाममात्र भाड्यात राहतो, घर सोडताना पूर्ण रक्कम परत घेतो. मालक ती रक्कम वापरतो, म्हणजे ते कर्जच आहे, आणि कर्जाच्या बदल्यात राहण्याचा लाभ दिला जातो. अनेक उलेमा याला व्याजाचेच रूप मानतात. शिवाय अशा घरात गळती झाली की मालक म्हणतो, ‘तू भाडे कुठे देतोस?’ आणि भाडेकरू म्हणतो, ‘घर तुझे आहे.’ भिंत तशीच कुजत राहते. साधी, दोन-तीन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत रक्कम वेगळी. तीही अमानत आहे. नेहमीच्या वापराने फिकट झालेल्या रंगाचे पैसे तिच्यातून कापणे योग्य नाही. भाडेकरू अमीन असतो, त्याच्या निष्काळजीपणाने मोडले तेवढेच त्याचे.

जकातीचा नियम थोडक्यात असा: भाड्याने देण्यासाठी घेतलेल्या घराच्या किमतीवर जकात नाही. भाड्यातून जे शिल्लक राहून निसाबाइतके झाले आणि वर्ष पूर्ण झाले त्यावर अडीच टक्के आहे. प्रत्यक्ष खर्च झालेली रक्कम हिशेबात येत नाही. दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेली, अजून खर्च न झालेली रक्कम येते. पुन्हा विकण्याच्या हेतूने घेतलेले घर मात्र व्यापारी माल ठरते.

आणि आता ज्या बाबतीत आपल्या घरांत सर्वाधिक अन्याय होतो तिच्याकडे वळू. वडील जातात, भाड्याचे घर मागे राहते, थोरला भाऊ भाडे गोळा करू लागतो. बहिणीने कधी विचारले तर उत्तर ठरलेले असते: ‘सगळे दुरुस्तीतच गेले.’ कदाचित खरेही असेल. वर मांडलेल्या हिशेबात जवळजवळ निम्मे जातेच. पण निम्मे उरतेही. सूरह अन-निसामध्ये मुलीचा वाटा अल्लाहने निश्चित केला आहे, आणि घरात वाटा असेल तर भाड्यातही आहे आणि खर्चातही. आई हयात नाही, एक भाऊ आणि दोन बहिणी आहेत असे समजा. भावाचा अर्धा, प्रत्येक बहिणीचा पाव. आपल्या उदाहरणातील ७८,७०० मधून भावाला ३९,३५० आणि प्रत्येक बहिणीला १९,६७५ रुपये दरवर्षी मिळायला हवेत. छत बदलण्याचा लाखभर खर्च निघाला तर बहिणींनीही पंचवीस-पंचवीस हजार द्यावे लागतील, आणि भावाने तो खर्च करण्याआधी त्यांची संमती घ्यावी. घर सांभाळण्याच्या श्रमाचा मोबदला हवा असेल तर तोही सर्वांनी आधी ठरवून लिहून ठेवावा. नंतर मनाने कापून घेऊ नये.

मालमत्ता कराच्या पावत्या, सोसायटीची बिले, विम्याचा कागद, प्लंबरला दिलेले पैसे, करारनामा, हे सर्व एका फाईलमध्ये राहू द्यावे. रमजानमध्ये जकातीचा हिशेब करायला बसतो त्याच दिवशी ती फाईल सर्व वारसांसमोर उघडावी. परगावी नांदणाऱ्या बहिणीला पावत्यांची छायाचित्रे मोबाईलवर पाठविता येतात, आणि तिच्या वाट्याची रक्कमही.